पाच दिवसांची पिल्लं, बाळंतीण कबरी आणि पिसवाच पिसवा. मदत हवी, आजच

पडवीतली | शनिवार, रात्री ८.५५

मोबाइलवरून टंकतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. रेंज येते-जाते.

आम्ही लांज्यापासून बरंच आत राहतो. नवरा मुंबईला, इथे मी, सासूबाई आणि दोन गुरं. कबरी मांजर आमची म्हटली तर आमची, नाहीतर वाडीची. सोमवारी रात्री पडवीत लाकडांच्या मागे, भाताच्या रिकाम्या पोत्यांवर व्यायली. चार पिल्लं. आम्ही मुद्दाम लांब राहिलो, नुसतं खाणं नेऊन ठेवत होतो.

आज लाकडं काढताना एक पोतं हललं आणि फोडणीतली मोहरी तडतडावी तशा पिसवा पायावर उडाल्या. पिल्लं उचलून बघितली तर पोटाखाली, काखेत, कानांच्या मागे नुसती पळापळ. एकाच पिल्लावर मोजायला लागले, वीसच्या पुढे सोडून दिलं. कबरीच्या मानेवर तर केसांत काळी रेती भरल्यासारखं झालंय.

तीन पिल्लं लुचतायत. चौथं करडं, सगळ्यांत लहान. ते बाजूला पडलेलं असतं. ओरडतही नाही.

गोठ्यात गोचिडांसाठी आणलेलं औषध आहे, बाटलीवर डेल्टामेथ्रिन लिहिलंय. पाण्यात अगदी पातळ करून कापसाने पुसलं तर चालेल का? आंघोळ घालावी का? आणि सासूबाई म्हणतात माणसाचा हात लागला की भाटी (मांजरी) पिल्लं खाते, ते खरं का?

उद्या रविवार, पाऊस असा की वहाळावरून गाडी जाणार नाही. सोमवारपर्यंत डॉक्टर नाही हे धरून सांगा.

सोनचाफा | ९.०४

ती बाटली आधी उचलून कुलपात ठेवा. मग पुढचे प्रतिसाद वाचा.

लॅबवाला | ९.१०

आमच्या लॅब्राडोरला महिन्यातून एकदा मानेवर थेंबांचं औषध लावतो. दुसऱ्या दिवशी एक पिसू दिसत नाही. कुणाकडे कुत्र्याचं असेल तर कबरीला त्यातला पाव भाग लावून बघा. पिल्लांना नको अर्थात.

सातबारा_उतारा | ९.१४

लॅबवाला, कृपया हा प्रतिसाद संपादित करा. चिडून नाही, पोळलोय म्हणून लिहितोय.

मी अगदी हेच केलं होतं. दुकानदार म्हणाला, कुत्रा काय नि मांजर काय, वजनाप्रमाणे कमी लावा. संध्याकाळी लावलं, रात्री जेवायला बसलो तर मांजरीचे कान फडफडायला लागले. मग पाय. मग सगळं अंग, थांबेचना. भांड्यांच्या साबणाने कोमट पाण्यात धुतली, टॉवेलात गुंडाळून रिक्षाने दवाखान्यात नेली. दोन रात्री सलाईनवर होती. वाचली, पण ते थरथरणं अजून डोळ्यांसमोर आहे.

कुत्र्यांच्या बऱ्याच थेंबांत पर्मेथ्रिन असतं. कुत्र्याचं यकृत त्याचा निचरा करतं, मांजराच्या यकृताला ते जमत नाही. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन ही त्याचीच भावंडं. झुरळांचा खडूही त्याच कुळातला. पाव भाग वगैरे हिशेब इथे चालत नाही.

लॅबवाला | ९.१७

माहीत नव्हतं. मूळ प्रतिसाद ठेवतो म्हणजे तुमचं उत्तर कळेल, पण कुणीही करू नका.

तालुक्याचा_डॉक्टर | ९.३८

मी पशुवैद्य आहे, पण ही पिल्लं मी बघितलेली नाहीत. तेवढं ध्यानात ठेवून वाचा.

पिसवांच्या आधी ऊब बघा. पहिले तीन-चार आठवडे पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. बाजूला पडलेलं, न ओरडणारं पिल्लू म्हणजे बहुतेक थंड पडलेलं पिल्लू. तळहातावर घ्या. गार लागलं तर आधी गरम करायचं, मगच दूध. थंड पिल्लाच्या पोटात दूध पचत नाही, तसंच राहतं. प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी, बाटलीवर जाड मोजा, पिल्लाच्या एका बाजूला. दोन्ही बाजूंना नको, जास्त झालं तर त्याला सरकायला जागा हवी. हळूहळू गरम करायचं, अर्धा-एक तास लागू दे. मग बोटावर ग्लुकोजच्या पाण्याचा थेंब घेऊन हिरडीला चोळा आणि कबरीच्या आचळाला लावून बघा.

त्याच वेळी हिरड्यांचा रंग बघा. गुलाबी असेल तर ठीक. पांढुरकी, भिजवलेल्या कागदासारखी असेल तर पिसवांनी रक्त प्यायलंय. शंभर ग्रॅमच्या पिल्लाच्या अंगात रक्त असतं सहा-सात मिली. चहाचा एक चमचा आणि वर थोडं. सत्तर-बहात्तर पिसवांच्या माद्या मिळून दिवसाला जवळजवळ एक मिली रक्त पितात. म्हणून मोठ्या मांजराला जी नुसती खाज, ती पिल्लाच्या जिवाशी येते.

आता पिसवा. इतक्या लहान पिल्लांना घरातलं कुठलंही औषध लावू नका. तुमच्याकडे औषध म्हणजे बारीक दातांची फणी आणि साबणाचं पाणी. खोली बंद, वारा नको. एका वेळी एकच पिल्लू, बाकीची आईपाशी. कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने आधी गळ्याभोवती ओलं कडं करा. पिसवा पाण्यापासून पळतात आणि वर तोंडाकडे जातात, डोळ्यांत-कानांत शिरतात. मानेवर कडं असलं की वाट अडते. मग मानेपासून खाली फणी. सापडली की साबणाच्या पाण्यात बुडवा. नखावर चिरडू नका, पिसवेच्या पोटात टेपवर्म या आतड्यातल्या जंताची बाल्यावस्था असू शकते. प्रत्येक पिल्लाला पाच मिनिटांच्या वर घेऊ नका, लगेच कोरडं करून उबेला.

पूर्ण आंघोळ आज नको. लाईट नसेल तर मुळीच नको.

हात लागल्याने आई पिल्लं खात नाही. मेलेलं किंवा आजारी पिल्लू कधी कधी खाते, तो वेगळा विषय. फार ढवळाढवळ केली तर ती पिल्लं उचलून दुसरीकडे नेईल, एवढंच.

आणि ती पोती आजच्या आज बाहेर. पिसू मांजरावर राहते, पण अंडी घरंगळून खाली पडतात. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते. तुम्हाला अंगावर दिसतायत त्या मूठभर, बाकीचं सगळं गाव पोत्यात आणि जमिनीच्या भेगांत आहे.

नाना_बागायतदार | ९.५०

आमच्याकडे पूर्वी सीताफळाच्या बिया कुटून लावायचे. नाहीतर तंबाखूचं पाणी. एवढा बाऊ नव्हता. वाडीत मांजरं काय कमी होती?

शेवग्याची_शेंग | ९.५६

नाना, माझ्या मावशीने लहानपणी उवांसाठी तीच पूड माझ्या डोक्याला लावली होती. ओघळ डोळ्यांत गेला, दोन दिवस डोळे उघडता येईनात. मी माणूस होते आणि रडून सांगू शकत होते. या पिल्लांचे तर डोळेच मिटलेले आहेत, आणि जे अंगाला लावाल ते आई जिभेने चाटणार.

तालुक्याचा_डॉक्टर | १०.०२

+१. तंबाखूचं पाणी म्हणजे निकोटीन, सरळ विष. त्याच ओळीत कापूर, निलगिरीचं तेल, टी ट्री तेल, रॉकेल, फिनेल. पाण्यात टाकल्यावर दुधासारखी पांढरी होणारी जंतुनाशकंही मांजराच्या आसपास नकोत, लादी पुसायलासुद्धा. पूर्वी मांजरं कमी नव्हती हे खरं, पण मेलेली पिल्लं कुणी मोजत नव्हतं.

पडवीतली | रात्री १२.२०

लाईट ९.४५ लाच गेली. मोबाइल ३१ टक्के, थोडक्यात लिहिते.

बाटली कुलपात. पोती अंगणात पावसात टाकली. पिल्लं स्वयंपाकघरात, चुलीपासून दोन हात लांब, आंब्याच्या खोक्यात जुन्या लुगड्याच्या घडीवर. कबरी आधी गुरगुरली, मग मागोमाग आली.

फणीचं म्हणाल तर सासूबाईंनी काय काढलं माहितीये? उवांची फणी. लाकडी, दोन्ही बाजूंनी दात असलेली. तीन नणंदांच्या उवा त्या फणीने काढल्यात. चिमणीच्या उजेडात मांडीवर पंचा घेऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, तू नुसतं पाणी धर. माझ्याने एकेक निघत होती, त्यांचा हात फिरला की तीन-तीन. सवयीने नखावर चिरडायला जात होत्या, वाटी पुढे केली. चार पिल्लांच्या मिळून ऐंशीच्या वर. वाटीतलं पाणी तपकिरी झालं.

पिठाच्या काट्यावर वजनं: १३८, १३१, १२६ आणि करडं ७९. करड्याची हिरडी पांढरी आहे. बाकीच्यांची फिकट गुलाबी. करडं आता गरम लागतंय, ग्लुकोज चाटलं, कबरीला लावलं तर तोंड हलवतंय. लुचतंय की नाही कळत नाही.

सोनचाफा | १२.२४

सासूबाईंना साष्टांग नमस्कार. झोपा थोड्या.

पडवीतली | रविवार, सकाळी ६.५०

करडं पहाटे गेलं. साडेतीनला बाटलीतलं पाणी बदलायला उठले तेव्हा होतं. पाचला नव्हतं. काट्यावर मुद्दाम ठेवलं, ७७.

बाकीची तीन कबरीला चिकटून आहेत. कबरी करड्याला चाटत बसली होती, मी काढून घेतलं तेव्हा काही बोलली नाही. परसात पेरूखाली पुरलं.

सातबारा_उतारा | ७.०५

वाईट वाटलं.

तालुक्याचा_डॉक्टर | ७.३०

त्याच्या हिरड्या पांढऱ्या होत्या, वजन अर्ध्यावर होतं. दवाखान्यात असतो तरी मला खात्री देता आली नसती. तुम्ही केलंत ते बरोबर केलंत.

तिघांकडे लक्ष द्या. रोज एकाच वेळी वजन. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढायला हवं. एक दिवस वाढ नाही तर काळजी, घटलं तर दवाखाना. फणी दिवसातून दोनदा. कबरीलाही, मुख्यतः मान आणि शेपटीच्या मुळाशी. ती काळी रेती म्हणजे पिसवांची विष्ठा. पांढऱ्या ओल्या कापसावर ठेवलीत तर लाल डाग पडेल, ते पचलेलं रक्त.

कबरी काय खाते सध्या?

पडवीतली | ७.५५

दूधभात. मासेमारी बंद आहे ना जुलै संपेपर्यंत, सुकट आहे पण खारट. हो, कापसावर लाल उतरलं. बघून कसंतरी झालं.

तालुक्याचा_डॉक्टर | ८.०३

दूधभातावर तीन पिल्लं पाजून होणार नाहीत. उकडलेलं अंडं, मीठ-हळद न घातलेली कोंबडी, थोडी कलेजी. नेहमीच्या दुप्पट-तिप्पट लागेल तिला, चार-पाच वेळा विभागून द्या. पाणी जवळ ठेवा. सुकट नको.

घाटावरची | ११.२०

घाबरवायचं नाहीये, पण पिसवा म्हणजे प्लेग ना? आमची आजी पिसू दिसली की घर सोडायच्या गोष्टी करायची.

शेवग्याची_शेंग | ११.३५

तुमच्या आजीने तिच्या आईकडून ऐकलेलं असणार. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा लोक खरंच घरं सोडून माळावर झोपड्या बांधून राहिले. पण त्या उंदरांच्या पिसवा, जात वेगळी. मांजराची पिसू माणसाला घोट्याला चावेल, गांधी उठतील. अर्थात तिच्या विष्ठेतून आणि मांजराच्या ओरखड्यातून दुसरे जंतू येऊ शकतात, तेव्हा फणी झाल्यावर हात साबणाने धुवा, ओरखडा आला तर लगेच धुवा.

बर्लिनकर_माई | दुपारी २.१०

वाचतेय. एक शंका: आईचं दूध कमी पडलं तर गाईचं चालतं का? इकडे पिल्लांची दूध पावडर मिळते, लांज्यात कुठे मिळणार?

तालुक्याचा_डॉक्टर | २.४०

गाईच्या दुधाने जुलाब लागतात, आणि जुलाब झालेलं पिल्लू दिवसात कोमेजतं. पावडर रत्नागिरीला मिळते, पोस्टानेही येते. सध्या आई पाजतेय तोवर तिचं पोट भरणं हाच उपाय. कधी वरचं पाजायची वेळ आलीच तर पिल्लू पालथं ठेवून पाजा. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं.

पडवीतली | सोमवार, संध्याकाळी ६.१५

वहाळाचं पाणी उतरलं. खोका, कबरी, पिल्लं आणि मी, शेजाऱ्यांच्या टेम्पोतून लांज्याला जाऊन आलो. डॉक्टरांनी तिन्ही पिल्लांच्या हिरड्या बघितल्या, म्हणाले फिकट आहेत पण चालेल. पिल्लांना काही लावलं नाही, फणी चालू ठेवा म्हणाले. कबरीचं वजन २ किलो ६००. तिला मानेवर सेलामेक्टिनचे थेंब लावले, पाजत्या मांजरीला हे चालतं म्हणाले. लावलेली जागा वाळेपर्यंत दोन तास पिल्लं वेगळी ठेवायला लावली. ते दोन तास टेम्पोत कबरी जे ओरडली, ड्रायव्हरने गाणी लावली वरून.

वजनं १५१, १४६, १३७.

पडवी झाडून कचरा जाळला. दोन्ही पोतीसुद्धा गेली. लुगड्याचे तुकडे रोज बदलते, काढलेला तुकडा चुलीवर उकळते. ऊन नाहीच, चुलीवरच्या वळणीला वाळवतेय. घराला धुरकट लुगड्याचा वास.

पडवीतली | बुधवार, रात्री ९.००

नवं संकट. कबरीने पिल्लं हलवली. दुपारी खोका रिकामा. तासभर शोधल्यावर सापडली, पुन्हा पडवीत, लाकडांमागे, जिथून काढली त्याच जागी! सासूबाई म्हणतात मांजर सात घरं फिरवणारच, हे अजून दुसरंच. मी परत आणली, तिने परत नेली.

सोनचाफा | ९.१२

तुम्ही रोज उकळलेलं लुगडं टाकताय. तिच्या नाकाला ते घर रोज परकं. आमच्याकडे हेच झालं होतं. स्वच्छ फडकं घेऊन आधी तिच्या गालांवर, हनुवटीखाली चोळा, मग ते खोक्यात घाला. आणि खोक्याचं तोंड भिंतीकडे करा, वर अर्धं झाका. येता-जाता पाय दिसले की ती बिथरते.

पडवीतली | गुरुवार, सकाळी ७.४०

राहिली! रात्रभर राहिली. खोका धान्याच्या पिंपामागे, भिंतीकडे तोंड. गाल चोळल्यावर तर घुरघुरायला लागली.

पडवीतली | रविवार, दुपारी १.१५

तेराव्या दिवशी तिघांचेही डोळे उघडलेले. मोठ्याचा डावा अजून अर्धा. वजनं २१८, २११, १९७. फणीत दोन दिवसांत तीनच पिसवा.

लॅबवाला | १.४०

वा! फोटो टाका की.

पडवीतली | (पुढच्या आठवड्यातला) शुक्रवार, रात्री ८.२०

धागा वर काढतेय, हिरमोड झालाय. काल एकही नव्हती, आज कबरीच्या अंगावर सात-आठ, आणि पडवीत गेलं की माझ्या घोट्याला. औषध फसलं का? परत लावू?

तालुक्याचा_डॉक्टर | ८.४५

फसलं नाही, आणि महिन्याच्या आत परत लावू नका. अंड्यातून अळी, अळीचा कोष, कोषातून पिसू. दमट-गरम हवेत हे चक्र तीनेक आठवड्यांत पुरं होतं. तुमच्या जमिनीतले कोष आता फुटतायत. कोषावर धूळ चिकटलेली असते, झाडूने निघत नाहीत आणि औषध आत पोचत नाही. कबरीवर चढलेल्या पिसवा औषधाने मरतील, पण चढेपर्यंत दिसणार. पडवीच्या कोपऱ्यांत उकळतं पाणी टाका (मांजरं लांब ठेवून), रोज झाडा, दोन-तीन आठवड्यांत ओसरेल.

अवांतर: गणपतीला मुंबईहून येऊन बंद घर उघडलं की पहिल्याच पावलाला पिसवा झोंबतात ना? त्याचं कारण हेच. कोष महिनोन्‌महिने गप्प पडून राहतात. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वास लागला की सगळे एकदम फुटतात.

नाना_बागायतदार | ९.३०

हे मात्र पटलं. आमचं दुसरं घर वर्षभर बंद असतं, तिथे मांजर फिरकतही नाही, तरी चतुर्थीच्या आदल्या दिवशी पाय फोडून निघतात. मी म्हणायचो पाहुण्यांची वाट बघत बसतात की काय.

तालुक्याचा_डॉक्टर | ९.३४

अगदी तेच करतात, नाना.

पडवीतली, पिल्लं तीन आठवड्यांची होतायत. जंताचं औषध सुरू करायची वेळ झाली, डोस लांज्याच्या डॉक्टरांना वजन सांगून घ्या. आणि कबरीच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही चिकटलेलं दिसलं तर तेही सांगा. चाटताना पिसू गिळली की टेपवर्म होतो, त्याचं औषध वेगळं असतं.

पडवीतली | ९.५०

दिसलंय हो ते! मला वाटलं भाताचं शीत.

घाटावरची | ९.५२

आता आठवडाभर भात नको.

पडवीतली | ऑगस्टचा दुसरा रविवार, सायं. ५.३०

बऱ्याच जणांनी व्यनि (खाजगी निरोप) करून विचारलं म्हणून. पिल्लं तीन, ४३०, ४१५, ३९०. अंडं कुस्करून दिलेलं खातात, निम्मं अंगाला लावून घेतात. पडवी नव्याने सारवली. फणीत आठ दिवस काही नाही.

कबरी पाजत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते हे मला लांज्याला कळलं. पिल्लं दोन महिन्यांची झाली, दूध सुटलं की ऑपरेशनला आणा म्हणालेत. तोवर तिला कोंडा. सोपं वाटलं होतं ऐकायला. दोन दिवस वाडीतला काळा बोका कौलांवर बसून आहे. तो वरून ओरडतो, ही आतून ओरडते, आणि पिल्लांनी सासूबाईंची फणी चुलीच्या राखेत नेऊन टाकली. एका बाजूचे दोन दात गेले. त्या आता विचारतायत अशी फणी रत्नागिरीला कुठे मिळेल. प्लास्टिकची नको आहे. कुणाला माहीत असेल तर सांगा.

शेवग्याची_शेंग | ५.४८

लाकडी मिळणं कठीण झालंय. जत्रेत बांगड्यांच्या दुकानात बघा, एखाद्या डब्याच्या तळाशी असते. मला माझी तिथेच मिळाली.